एक जानेवारीच्या आत

कागदावर माझी आई एक जानेवारीला साठ वर्षांची होणार होती.

तिचं खरं वय कुणालाच ठाऊक नाही. मामा सांगतो, बहात्तरच्या दुष्काळानंतर चार-पाच वर्षांनी ती झाली. म्हणजे पन्नाशीच्या आसपास. पण कवठे महांकाळ तालुक्यातल्या आमच्या गावात आधार कार्डाचं शिबिर आलं, तेव्हा माझ्या आत्यानं गल्लीतल्या सगळ्या बायकांना शिकवून ठेवलं होतं की वय वाढवून सांगा, म्हणजे म्हातारपणीची पेन्शन लवकर चालू होते. आईनं दहा वर्षं वाढवून सांगितली. तारीख माहीत नाही म्हटल्यावर एक जानेवारी पडली. आमच्या गल्लीत निम्म्या बायकांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. शाळेत असताना मला याची गंमत वाटायची. आत्या आजही म्हणते, "तुमच्या भल्याचंच सांगितलं हुतं मी." तिच्यावर मी रागावलेली नाही. माझा राग दुसरीकडे आहे आणि तो अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

यात मी कुणाचं नाव लिहिलेलं नाही. आईनं तसं कबूल करून घेतलं आहे. मला लिहायचं होतं. नाव, गल्ली, फाटकाचा रंग, सगळं.

वडील गेल्यावर, मी पहिलीत जायच्या आधी, आई मला घेऊन सांगलीला आली. विश्रामबागच्या मागे रेल्वे रुळापलीकडे आमची खोली आहे. आईनं धुणीभांड्याची पाच घरं धरली होती. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जात नाही, पंख्यावरची धूळ काढता येत नाही, साडीचा पदर मीच खांद्यावर नीट करून देते. मग एकेक घर सोडत ती दोनांवर आली. त्यातलं एक घर नवीन होतं, दिवाळीच्या तोंडावर धरलेलं. दुसरं म्हणजे एक बंगला. तिथं ती चौदा वर्षं जात होती, सकाळ-संध्याकाळ.

मी कॉलेजला दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरातला कुठलाही कागद माझ्याकडे येतो, गॅसच्या पुस्तकापासून दवाखान्याच्या चिठ्ठीपर्यंत. मला सगळं समजतं असं आईला वाटतं, आणि समजत नाही हे सांगायची मला लाज वाटते.

ऑक्टोबरमध्ये कॉलेजात सरकारी योजनांची माहिती द्यायला एक अधिकारी आले होते. त्यांनी घरकाम करणाऱ्या बायकांच्या नोंदणीबद्दल सांगितलं. नोंदणी झाली की फोटोचं ओळखपत्र मिळतं. त्यासाठीच्या सरकारी मंडळाच्या योजना वेळोवेळी बदलतात, पण नोंदणीच नसेल तर कुठलीच मिळत नाही. आणि साठ पूर्ण झाली की नोंदणी होत नाही. हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर मला आईची एक जानेवारी आठवली. कार्यक्रम संपल्यावर मी फॉर्म मागायला गेले. शेजारी माझ्या वर्गातल्या दोन मुली उभ्या होत्या.

"कुणासाठी हवा आहे?" साहेबांनी विचारलं.

"शेजारच्या काकूंसाठी," मी म्हणाले.

हे मी आजपर्यंत आईला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी तिला फॉर्म वाचून दाखवला. आई तांदूळ निवडत होती. कुठल्या योजनेत काय मिळू शकतं ते मी समजावत होते, पण तिचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं.

"कारडावर लिवतील व्हय, काय काम करते म्हणून?"

"हो. फोटो आणि खाली लिहिलेलं असेल."

"सरकारी शिक्का?"

"हो."

तिनं ताट बाजूला ठेवलं. "इतकी वर्सं काम केलं, माझ्याकडं एक चिठुरा न्हाई बग. उद्या हातच उचलंना झाला तर मी काय करत हुते हेबी कुणाला दावता याचं न्हाई." मग ताट परत ओढून घेत म्हणाली, "काड ते कारड. लय उशीर करू नको."

आधार कार्ड होतं, रेशन कार्ड होतं, बँकेचं पुस्तक होतं. फोटो आम्ही काढून आणला. त्यात आई पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे सरळ बघते आहे. राहिलं शेवटचं पान. त्यावर काम देणाऱ्यानं लिहून द्यायचं होतं की ही बाई गेल्या वर्षभरात आमच्याकडे कमीत कमी नव्वद दिवस घरकाम करते आहे. खाली सही, पत्ता, फोन नंबर. बस्स. मी मनात म्हटलं, हे तर सगळ्यात सोपं.

नवीन घरातली ताई बँकेत नोकरीला आहे. तिनं पान वाचलं आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "मावशी, मी आनंदानं सही करेन, पण आपले नव्वद दिवस जानेवारीच्या शेवटी भरतील. आत्ता खोटं कसं लिहू?" तिचं बरोबर होतं. आणि जानेवारीत आई साठ वर्षांची झालेली असणार होती. जुनी घरं सुटूनही वर्ष उलटलं होतं. म्हणजे सही देऊ शकणारं घर एकच उरलं.

बंगल्यातल्या बाईंबद्दल लिहिताना माझा हात अडखळतो, कारण त्यांनी मला पुष्कळ दिलं आहे. त्यांच्या मुलाची जुनी पुस्तकं, त्याचा कंपास, एक स्वेटर. दहावीला मला चांगले मार्क पडले तेव्हा त्यांनी पेढे वाटले. पाहुणे आले की त्या मला बाहेर बोलवायच्या आणि म्हणायच्या, "ही आमच्या बाईची मुलगी. मी शिकवली हिला." मग मला इंग्रजीतून काहीतरी बोलायला लावायच्या. मी बोलायचे. पाहुणे कौतुक करायचे. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि तिला आनंद व्हायचा, म्हणून मलाही आनंद झाल्यासारखं वाटायचं.

नोव्हेंबरच्या एका सकाळी मी फाइल घेऊन आईबरोबर तिथं गेले. बाईंनी मला सोफ्यावर बसवलं.

"कॉलेजला जाणारी मुलगी, खाली काय बसतेस? चहा घेशील ना?" आणि आत वळून, "अगं, हिलापण टाक गं चहा."

आईनं चहा केला आणि ट्रेमधून आणून माझ्यासमोर धरला. पाहुण्यांच्या कपात. मी कप उचलला तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं नाही, मीही तिच्याकडे बघितलं नाही. चहा संपल्यावर तो कप ती विसळायला घेऊन गेली. त्या घरात मला मिळालेला तो सगळ्यात मोठा मान होता आणि तो मी आयुष्यभर विसरणार नाही.

बाईंनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, वाचला. "बघते हं. साहेबांना विचारावं लागेल." साहेब म्हणजे त्यांचे यजमान. ते त्याच खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही.

आठवड्यानं आईनं विचारलं तर बाई म्हणाल्या, थांब, तुळशीचं लग्न होऊ दे. ते झालं. मग म्हणाल्या, मुलाचं जमतंय, डोक्यात काही शिरत नाही, पुढच्या आठवड्यात. डिसेंबर लागला. मी पुन्हा गेले. या वेळी सोफ्यावर बसले नाही.

"बाई, एक जानेवारीच्या आत द्यायला लागतो फॉर्म."

"अगं, पण तुम्हाला हे हवंय कशाला?" त्या खरंच दुखावल्यासारख्या बोलत होत्या. "मी कधी हिला नोकर म्हटलंय का? विचार तिला. घरचीच आहे ती. घरच्या माणसाला कुणी असं लिहून देतं का?"

"नुसती सही आहे, बाई."

"आज सही, उद्या म्हणाल फंड द्या, परवा सुट्ट्यांचा पगार द्या. आमच्या ओळखीच्यांकडे झालंय असं. कोर्टात गेली ती बाई." मग आवाज मऊ करून, "तुला मी मुलीसारखी वाढवली, आणि तूच माझ्यापुढे कागद नाचवतेस?"

मला वादविवाद स्पर्धेत बक्षीस मिळालेलं आहे आणि त्या दिवशी मला एक वाक्य सुचलं नाही. मी "बरं" म्हणाले आणि बाहेर आले. "बरं" हा शब्द मला पुढे कित्येक दिवस टोचत राहिला.

घरी येऊन मी ट्रंक उघडली. आपण काहीतरी पुरावा शोधतो आहोत असं मला वाटत होतं, काय ते माहीत नव्हतं. तळाशी माझी जुनी पुस्तकं होती, सातवीची, आठवीची. त्यांना कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं होती. वर्ष संपलं की बाई भिंतीवरचं जुनं कॅलेंडर आईला द्यायच्या आणि आई त्याची कव्हरं घालायची. चित्राची बाजू बाहेर, तारखांची बाजू आत. मी कव्हर काढलं. आतल्या तारखांवर लाल पेनानं गोल केले होते आणि गोलात "खा" लिहिलं होतं. खा म्हणजे खाडा. आई ज्या दिवशी कामाला गेली नाही, तो दिवस.

मी सगळी कव्हरं काढली. जमिनीवर पसरली. एका महिन्यात एका ओळीनं चार गोल होते. मला कावीळ झाली होती ते दिवस. दुसऱ्या एका ठिकाणी दोन गोल, वडिलांच्या श्राद्धाचे. कॅलेंडरवर बाईंच्या अक्षरात आमच्या घरातलं प्रत्येक आजारपण आणि प्रत्येक दुःख लिहिलेलं होतं. पण आई ज्या दिवशी कामाला गेली, त्या दिवशी काहीच नव्हतं. ते दिवस कोरे. वर्षाचे साडेतीनशे कोरे दिवस. तिची नोंद फक्त ती नसली की व्हायची.

आणि या म्हणतात, नोकर म्हटलं नाही कधी. घरच्या माणसाचे खाडे कोण लिहितं?

त्या क्षणी मला त्या बाईंचं वाईट व्हावं असं वाटलं. हे मी स्वच्छ लिहिते, कारण मी चांगली मुलगी आहे असं सगळे म्हणतात आणि ते पुरतं खरं नाही. काय वाईट करता येईल याचा मी विचार केला आणि मला लगेच सापडलं. त्यांच्या मुलाचं लग्न साताऱ्याकडच्या एका घरात जमत होतं. त्याआधी एका ठिकाणी जमून मोडलं होतं. का मोडलं, ते आईला माहीत होतं आणि आईमुळे मला. साताऱ्याच्या लोकांचा फोन नंबर मिळवणं अवघड नव्हतं.

मी आईला हे बोलून दाखवलं. आई भाकरी थापत होती. तिनं पिठाचा हात तसाच वर केला.

"ते ध्येनात बी आणू नको."

"का? त्यांनी आपलं काय केलं?"

"त्या घरात जे बगितलं ते त्या घरातच ऱ्हाणार. तुझ्या त्वांडातनं एक शबूद भाईर गेला, तर उद्या कुठल्याच बाईला कोण सैपाकघरात घ्यायचं न्हाई. आमाला दार उघडत्यात ते त्येच्यावर."

"मग तसंच बसायचं?"

भाकरी तव्यावर टाकून, पाणी फिरवून झाल्यावर ती बोलली. "बसायचं कोण म्हनतंय? उद्यापासनं जात न्हाई मी."

मला वाटलं ती हरली. काम सोडलं म्हणजे उरलीसुरली आशाही संपली. मी तसं म्हणाले. आई हसली. त्या हसण्यात जे होतं ते मी तिच्या तोंडावर याआधी पाहिलेलं नव्हतं.

"मी जात न्हाई म्हनले. घर सोडलं म्हनले का?"

तेव्हा मला कामवाल्या बायकांतली एक रीत कळली. इतकी वर्षं त्याच खोलीत राहून मला माहीत नव्हती. बंगला आहे त्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक इस्त्रीची टपरी आहे. साडेदहाच्या सुमाराला, पहिली घरं उरकल्यावर, सगळ्या कामवाल्या तिथं दहा मिनिटं टेकतात. कुणी पान लावतं, कुणी शिळी चपाती खातं. एखादीनं एखादं घर सोडायचं ठरवलं की ती तिथं सगळ्यांसमोर सांगते, "मी ते घर सोडलं." मगच दुसरी ते धरते. ती जोवर सांगत नाही, तोवर ते घर तिचं. कुणी कितीही बोलावलं तरी दुसरी त्या फाटकात पाय टाकत नाही. नाहीतर मालकिणी एकीला काढून दुसरीला घेत राहतील आणि सगळ्यांचीच माती होईल, म्हणून कधीतरी कुणीतरी हे ठरवलं असणार. कागदावर कुठंही नाही. पण मोडलेलं कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिथं गेले. आईनं सगळ्यांना फॉर्मची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाली, "मी जाईना. पर घर माझंच हाय."

"किती दिस?" एकीनं विचारलं.

"सही हुईपतूर."

"आणि न्हाई झाली तर?"

"तर मग माझंच ऱ्हाऊ दे की. मला कुठं ते डोक्यावर घिऊन फिरायचंय?"

सगळ्या हसल्या. इस्त्रीवाला म्हणाला, "मावशी, तुमच्या घराला कुलूपच घातलंय म्हना की."

यानंतरचे पंधरा दिवस मी सुखात होते. खोटं कशाला सांगू? बाईंनी पहिल्या दिवशी फोन केला, बरं नाही का म्हणून. आई म्हणाली, बरी हाय. येतेस ना? बगू. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या बंगल्यात काम करणाऱ्या बाईला फाटकाशी गाठलं. ती म्हणाली, "मला वेळ न्हाई, तुमच्या मावशीला इचारा." मागच्या गल्लीतली म्हणाली, "मावशीला इचारा." शहराच्या दुसऱ्या भागातून कुणीतरी एकीला पाठवलं. तिनं कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याला पत्ता विचारला, त्यानं पत्ता सांगितला आणि बाकीचंही सांगितलं. ती तिथूनच परत गेली. इस्त्रीवाला आम्हाला रोजची बातमी द्यायचा. "आज साहेब सोता कपडे वाळत घालत हुते. उलटे घातल्यात सगळे."

कॉलेजला जायला मला रुळाच्या बाजूनं जवळचा रस्ता आहे. पण त्या दिवसांत मी लांबून जायचे, बंगल्याच्या मागच्या गल्लीतून. मागच्या नळावर भांड्यांचा ढीग असायचा. कढई दोन दिवस तशीच पडलेली मी ओळखली. मी सायकलचा वेग कमी करायचे आणि बघून घ्यायचे. एकदा बाई स्वतः खाली बसून कुकर घासत होत्या. त्यांना खाली बसायची सवय नाही, एक हात नळावर धरून बसल्या होत्या. मला दया यायला हवी होती. मी थांबून बघितलं, दया येते का ते. आली नाही.

पण तारखा पुढे सरकत होत्या आणि कागद कोराच होता. वर्गात मी आकडेमोड करायचे, किती दिवस राहिले. भांड्यांचा ढीग बघून पोट भरत असेल, पण आईचं कार्ड त्यानं निघणार नव्हतं. मी तिला एकदा म्हणालेही की जाऊन पाया पडू, चुकलं म्हणू. तिनं माझ्यापुढे जेवणाचं ताट सरकवलं.

ख्रिसमसनंतरच्या शुक्रवारी बाईंचा फोन आला. मी तो स्पीकरवर लावला. साताऱ्याची मंडळी रविवारी घर बघायला येणार होती. लग्न ठरलं की मुलीकडचे लोक मुलाचं घर बघायला येतात, पंधरा-वीस जण, सुभेदारकीवरून निवृत्त झालेले मुलीचे वडील धरून. बाईंचा आवाज गोड होता.

"झालं गेलं सोडून दे गं. तू घरचीच आहेस. घरच्या कार्याला घरच्या माणसानं नको का यायला? रविवारी सकाळीच ये. पोरीलापण आण हाताखाली."

"येते की," आई म्हणाली. "तुमी बोलवल्यावर येनार न्हाई का?"

फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. ती मात्र ट्रंकेतून मामाच्या लग्नात घेतलेली हिरवी साडी काढून बसली. "ह्येला इस्त्री करून आण," म्हणाली. "आणि रविवारी तुझा कागद संगं घे. पेनबी."

रविवारी आम्ही सकाळी गेलो नाही. अकरा वाजता गेलो, बाहेर सातारच्या पासिंगच्या दोन गाड्या लागल्यावर. आईच्या अंगावर हिरवी साडी, केसात गजरा. चौदा वर्षं ती मागच्या दारानं गेली होती. त्या दिवशी तिनं पुढचं फाटक उघडलं.

हॉल माणसांनी भरला होता. बाई घामाघूम होऊन पोह्यांच्या बशा देत होत्या. त्यांनी आईला बघितलं आणि डोळ्यांनी स्वयंपाकघराकडे खूण केली. आई चपला काढून सरळ हॉलमध्ये आली आणि बायकांच्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर बसली. मी तिच्या शेजारी. मांडीवर फाइल होती.

बाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आत चहाचं बघतेस ना?"

"बगा की तुमी, मी बसले हितं पावण्यांजवळ," आई सगळ्यांना ऐकू जाईल इतकंच बोलली आणि बशी उचलून पोहे खायला लागली.

मुलीची आई आमच्या शेजारीच होती. ठसठशीत, मोकळ्या आवाजाची बाई. तिनं विचारलं, "आवं, तुमी कोण म्हनायच्या?"

"मी घरचीच," आई म्हणाली.

"नात्यानं?"

"ते बाईच सांगतील. त्याच म्हनत्यात घरचीच म्हणून."

सगळे बाईंकडे बघायला लागले. बाईंच्या हातात ट्रे होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्या ट्रेकडेही. तोच ट्रे होता. त्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं. आज त्यांच्यापुढे पेपर नव्हता.

"या... आमच्याकडे कामाला असतात," बाई म्हणाल्या. "चौदा वर्षं झाली. अगदी घरच्यासारख्या."

"व्हय," आई म्हणाली. "चौदा वर्सं, सकाळ-संध्याकाळ. एवढंच एका कागदावर लिवून पायजे हुतं. बुधवारी एक तारीख. मंगळवारपतूर न्हाई दिलं तर माझं नाव लागत न्हाई. दोन महिनं झालं, बाईंना येळच मिळना."

"कसला कागद?" सुभेदारांनी विचारलं.

मी उठले. फाइलमधून पान काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा शोधला, कागद लांब धरला आणि हुकूम वाचावा तसा मोठ्यानं वाचला. सगळा. कमीत कमी नव्वद दिवस, सही, पत्ता, फोन नंबर.

"मग द्या की सही," ते साहेबांना म्हणाले. "फौजेत आमचा धोबीबी कागदावर असतोय." साहेबांनी पोह्यांची बशी उचलली. तसं सुभेदारांनी चष्म्यावरून बघितलं. "का वो, काय अडचण हाय का?"

हा प्रश्न त्यांनी साधाच विचारला होता. पण ज्या घरात आपली मुलगी द्यायची, ते घर बघायला ते आले होते, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मुलीच्या आईनं मान वळवून बाईंकडे पाहिलं आणि बघतच राहिली.

"छे, अडचण कसली," साहेब म्हणाले. "राहूनच गेलं होतं बघा गडबडीत."

पेन मी पुढे केलं. त्यांनी टीपॉयवर कागद ठेवून सही केली, पत्ता लिहिला. फोन नंबरचा रकाना सोडून दिला. मी बोट ठेवून दाखवला. तोही त्यांनी भरला. माझं त्या दिवशीचं एवढंच काम, पण तो पुरा भरेपर्यंत मी बोट काढलं नाही.

निघताना आई पाणी प्यायला आत गेली. मी तिच्या मागे गेले, कारण मला भीती वाटली. ओट्यावर, खाली, नळाखाली, सगळीकडे भांडी होती. दुधाचं पातेलं करपलं होतं. आई उभी राहिली. तिच्या डाव्या हातानं नकळत पदर धरलेला मी पाहिला, खोचायला धरतात तसा. चौदा वर्षांची सवय. भिंतीवर कॅलेंडर होतं, डिसेंबरचं पान. बाराव्या तारखेपासून रोज लाल गोल आणि गोलात "खा". सतरा-अठरा गोल. म्हणजे आईनं मुद्दाम काम थांबवलं आहे हे बाईंनी एकदाही खरं मानलं नव्हतं. ती फक्त खाडे करत होती.

आईला वाचता येत नाही, पण गोल तिला कळतात. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर सोडला, गळता नळ घट्ट बंद केला आणि पुढच्या दारानं बाहेर आली.

सोमवारी आम्ही कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी आधार कार्डावरची तारीख बघितली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "आजी, काठावर आलात," ते म्हणाले. आजी म्हटल्याचं आईला हसू आलं. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?"

खोलीत माझ्या वर्गातलं कुणी नव्हतं. असतं तर मी काय म्हणाले असते, याचा मी अजून विचार करते.

"मुलगी," मी म्हणाले.

पोच घेऊन आम्ही बाहेर आलो. आईनं ती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि दोनदा चाचपून बघितली. बुधवारी ती कागदावर साठ वर्षांची झाली. इस्त्रीच्या टपरीवर बायकांनी तिला नमस्कार करून थट्टा केली, आशीर्वाद द्या म्हणून.

साताऱ्याचं लग्न मोडलं नाही, मार्चमध्ये आहे. बाईंनी दिलेली पुस्तकं अजून माझ्याकडे आहेत. परत करावीत असं एकदा मनात आलं, पण मला त्यांची गरज आहे आणि मी ती परत केली नाहीत. याचं मला वाईट वाटतं की नाही, ते मला ठरवता येत नाही.

परवा टपरीवर गावाकडून नव्यानं आलेली एक बाई बसली होती. तिला एका घराची गरज होती. तिनं आईला विचारलं, "आवं मावशी, बंगल्याचं ते घर सोडलं न्हवं तुमी?"

"सोडायचंच हाय," आई म्हणाली. "पर तू धरशील तवा पैलं इचार, कागदावर सही देनार का म्हणून. हो म्हनल्या तर येऊन मला सांग. मग सोडते."

"आणि न्हाई म्हनल्या तर?"

आईनं खांदा चोळला. "मग मला काय गडबड न्हाई."

मी सायकलवर बसले आणि कॉलेजला लांबच्या रस्त्यानं गेले.